नकाशातले मैदान आणि जमिनीवरचे मैदान

पुण्याच्या शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात एके काळी भाजीबाजार भरत असे. उन्हातान्हात आणि पावसाळ्याच्या चिखलात बसून माल विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर यावे, बाजाराची घाण एका जागी आवरता यावी आणि गाळ्यांच्या भाड्यातून म्युनिसिपालिटीच्या तिजोरीतही काही भर पडावी, अशा तिहेरी हेतूने तेथील नगरपालिकेने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात शुक्रवार पेठेत पक्की मंडई उभारण्याचे ठरविले. १८७६ पासून काही वर्षे त्या नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांचा या खर्चाला विरोध होता. जो पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च व्हावयाचा, तो दगडविटांत घालणे त्यांना मान्य नव्हते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या आगमनानिमित्त शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये मंजूर करण्याचा प्रश्न सभेपुढे आला तेव्हाही त्यांनी हीच भूमिका घेऊन विरोधी मत नोंदविले होते. मंडई व्हावयाची ती झालीच. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. पुढे अर्धशतक लोटल्यावर, आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेले असताना, त्यांच्या पुढाकाराने ते नाव जाऊन महात्मा फुले मंडई हे नाव रूढ झाले.

या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात सत्य होते, असे मला वाटते. भाजी विकणाऱ्या बाईला छप्पर हवे होते आणि तिच्या मुलाला शाळाही हवी होती. पैसा एकच होता. शहरातील जमिनीच्या वापराविषयी नगरसभेत जे ठराव होतात, त्यांतील बहुतेकांचे स्वरूप असेच असते. चांगले आणि वाईट यांतून निवड करावयाची असती तर काम सोपे झाले असते. परंतु रस्ता की मैदान, रुग्णालय की ग्रंथालय, मालकाचा हक्क की वस्तीची गरज, अशा दोन न्याय्य गोष्टींतून एकीला आधी आणि दुसरीला नंतर असे म्हणण्याचा अप्रिय अधिकार कोणाला तरी वापरावा लागतो. तो कोण, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मुदतीत वापरतो, हे समजून घेण्याची तसदी आपण नागरिक सहसा घेत नाही, आणि घराजवळच्या मोकळ्या जागेभोवती पत्रे ठोकले गेले की मग मात्र हळहळतो. त्या क्षणी बहुधा फार उशीर झालेला असतो, आणि तो का झालेला असतो हेच मला येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

प्रथम महापालिकेच्या कर्तव्यांविषयी. ज्याच्या घडणीत फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता, तो मुंबईचा म्युनिसिपल कायदा १८८८ साली झाला, आणि फेरफारांसह तो आजही चालू आहे. त्यातील ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत : पाणीपुरवठा, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण, दवाखाने, बाजार, स्मशानभूमी इत्यादी. ६३ व्या कलमात स्वेच्छाधीन कर्तव्ये येतात, आणि उद्याने, क्रीडांगणे व ग्रंथालये यांची गणना या दुसऱ्या यादीत केलेली आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी १९४९ साली जो कायदा झाला, त्यातही हीच विभागणी कायम राहिली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की नळाला पाणी आले नाही तर नागरिक महापालिकेला तिचे कर्तव्य बजावावयास लावू शकतो. परंतु आमच्या वॉर्डात मुलांना खेळावयास जागा नाही, अशी तक्रार घेऊन तो गेला तर या कायद्याच्या आधारे त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. पैसा उरला आणि इच्छा झाली तर बाग, एरवी नाही. खेळण्याच्या जागेला म्युनिसिपल कायद्याने जो भक्कम आधार दिला नाही, तो तिला मिळाला नगररचनेच्या कायद्याकडून. आणि त्या कायद्याचा उगम एका भयंकर संकटात आहे.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रुग्णाला प्लेग झाल्याचे निदान केले आणि पुढे काही महिन्यांतच निम्मे शहर गावाकडे पळाले. अंधाऱ्या, कोंदट, एकमेकींना चिकटलेल्या चाळी हेच रोगाचे माहेरघर आहे, अशी सरकारची खात्री पटल्यावर १८९८ साली खास कायदा करून मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करण्यात आला. दाट वस्त्या पाडून हवा खेळती राहील असे रुंद रस्ते काढणे, हे त्याचे पहिले काम. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, आज मोहम्मद अली रोड म्हणून ओळखला जाणारा रस्ता, ही त्याच उद्योगाची फळे होत. या कार्यात एक मोठे वैगुण्य राहिले, ते असे की घरे जितक्या वेगाने पाडली गेली तितक्या वेगाने नवी बांधली गेली नाहीत, आणि उठविलेले लोक शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील गर्दी वाढविते झाले. तथापि शहराच्या उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या रानात, याच ट्रस्टने जे केले ते आजही आदर्शवत आहे. ट्रस्टच्या सेवेत असलेले अभियंते मंचरजी जोशी यांच्या प्रयत्नाने उभी राहिलेली पारशी कॉलनी आणि तिच्या मधोमध असलेली पाच उद्याने पाहिली, म्हणजे घरे उठण्यापूर्वी मोकळी जागा आखून ठेवण्याचे महत्त्व कोणालाही पटावे. १९३३ साली हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. दादरचेच शिवाजी पार्क महापालिकेने १९२५ मध्ये लोकांना खुले केले. त्याचे आधीचे नाव माहीम पार्क, आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवछत्रपतींचे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांची ती जागा त्या काळच्या नगरपित्यांनी प्लॉट पाडून विकली असती, तर तेव्हा त्यांना कोणी फारसा दोषही दिला नसता.

दरम्यान १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच. त्याची युक्ती मोठी विचारपूर्वक योजलेली होती. शहरालगतच्या शेतांचे तुकडे वेडेवाकडे, काहींना वाट आहे, काहींना नाही. अशा सर्व तुकड्यांची मनाने एक सलग जमीन कल्पावयाची, तीतून रस्ते, शाळा व बागा यांच्यासाठी जागा काढून घ्यावयाची, आणि उरलेली जमीन चांगल्या आकाराच्या अंतिम भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना त्यांच्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात परत द्यावयाची. मालकाची जमीन क्षेत्राने कमी होते, पण रस्ता, पाणी व गटार आल्यामुळे किमतीने वाढते, आणि त्या वाढीव किमतीचा एक भाग सुधारणा आकार म्हणून म्युनिसिपालिटीला मिळतो. जमीन ताब्यात घेण्यासाठी रोख मोबदला उभा करण्याची अडचण यामुळे पुष्कळ अंशी टळते. मुंबईचे खार, सांताक्रूझ, विलेपार्ले आणि पुण्याचे त्या वेळचे भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथील सरळ रस्ते आणि नेटके प्लॉट हे या योजनांचेच फळ होय. गुजरातेने ही पद्धत पुढेही नेटाने चालू ठेवली. महाराष्ट्राने ती जवळजवळ टाकून दिली आणि विकास आराखड्यावर सगळी भिस्त ठेवली. माझ्या मते ही आपली मोठी चूक झाली, कारण मालकाला योजनेत भागीदार करून घेण्याचा मार्ग आपण सोडला आणि त्याला प्रतिपक्ष करून टाकणारा मार्ग धरला.

१९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहराचा विकास आराखडा करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्या कामाची आज चालू असलेली चौकट घालून दिली. आराखड्याचा जन्म एका ठरावाने होतो. महापालिकेची सर्वसाधारण सभा आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नगररचना अधिकारी नेमला जातो. शहरातील प्रत्येक तुकड्याचा आज काय वापर चालू आहे याचा नकाशा केला जातो. आणि इरादा जाहीर झाल्यापासून सामान्यतः दोन वर्षांच्या आत प्रारूप आराखडा लोकांपुढे मांडावा लागतो. या नकाशात रहिवासाला पिवळा, व्यापाराला निळा, उद्योगाला जांभळा असे रंग असतात, आणि त्यांवर शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र, बाजार, क्रीडांगण यांच्यासाठी आरक्षणाच्या रेघा ओढलेल्या असतात. कचेरीत आणि बिल्डरांत ज्याला पीजी म्हणतात ते खेळाचे मैदान, आरजी म्हणजे मनोरंजन मैदान. खाजगी मालकीच्या एखाद्या सर्व्हे नंबरावर अशी दोन अक्षरे उमटली, की मालकाला तेथे दुसरे काही बांधता येत नाही. आणि त्याच वेळी, वस्तीतल्या मुलांना तेथे खेळण्याचा हक्कही अजून मिळालेला नसतो.

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्यासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची आणि बृहन्मुंबईत साठ दिवसांची मुदत असते. संपूर्ण प्रक्रियेत सामान्य माणसाला कायद्याने दिलेली ही सर्वांत मोठी संधी. हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान असलेले, वरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार बसतात. अशा सुनावणीला गेलेल्या माणसाला प्रथम जाणवतो तो वेळेचा तुटवडा. लांब टेबलावर नकाशाचे ताव पसरलेले असतात, कारकून क्रमांक पुकारतो, हरकतदार आपला सर्व्हे नंबर सांगतो, अधिकारी त्या तावावर बोट ठेवतो, आणि काही मिनिटांत पुढचा क्रमांक पुकारला जातो. ज्याने आपली हरकत नेमक्या शब्दांत, आरक्षणाचा क्रमांक देऊन, सोबत स्थळाचे छायाचित्र आणि पर्यायी सूचना जोडून लिहून आणलेली असते, त्याच्या म्हणण्याची नोंद होते. जो केवळ संतापाने बोलतो, त्याच्या नावापुढे 'हजर' एवढाच शेरा पडतो. मालकांचे वकील आणि वास्तुरचनाकार तयारीने आलेले असतात. मैदानाच्या बाजूने बोलणारे मात्र अनेकदा कोणीच नसते, कारण ज्यांचे मैदान वाचवावयाचे ती मुले मतदार नसतात आणि त्यांचे आईबाप कामावर गेलेले असतात.

तरीही लोकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे अलीकडच्या दोन उदाहरणांवरून दिसून आले आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. काम मुदतीत पुरे झाले नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपविला आणि २०१७ च्या आरंभी त्याला मंजुरी दिली. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत बाहेर आला, तेव्हा उभ्या इमारतींवरून जाणारे रस्ते, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळे यांच्या जागी दाखविलेले भलतेच वापर, असे दोष नागरिकांनी एकेक करून दाखवून दिले; हरकतींची संख्या साठ हजारांच्या वर गेली. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने दुरुस्त करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये तो अमलात आला. ज्या गृहनिर्माण संस्थांनी, शाळांनी व वस्त्यांनी तेव्हा आपापला ताव उघडून पाहिला, त्यांनी या शहरावर मोठे उपकार करून ठेवले आहेत.

आराखडा मंजूर झाला म्हणजे काम संपले, असा समज सार्वत्रिक आहे, आणि तोच घातक आहे. आरक्षण म्हणजे जमीन ताब्यात घेण्याचा केवळ संकल्प. ताबा मिळेपर्यंत ती जमीन मालकाचीच असते. कायद्याने यासाठी दहा वर्षांचा अवधी दिला आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर १९६६ च्या अधिनियमाच्या १२७ व्या कलमान्वये मालक मालकीहक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो, आणि ती मिळाल्यापासून ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे जमीन मोकळी होऊन शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तेथेही बांधता येऊ लागते. ही मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा महिने आणि २०१५ मध्ये चोवीस महिने करण्यात आली.

चोवीस महिने ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु ती नोटीस आवक कारकुनाच्या टेबलावर पडून तिच्यावर तारखेचा शिक्का उमटला त्या दिवसापासून ते मोजावयाचे असतात. तेथून फाइल विकास आराखड्याच्या खात्यात जाते. मैदानाची खरोखर गरज आहे काय, असा अभिप्राय उद्यान खात्याकडून मागविला जातो. विधी खाते कागदपत्रे तपासते. लेखा खाते तरतूद आहे की नाही ते सांगते. मग आयुक्तांचे विषयपत्र समितीपुढे, मुंबईत सुधार समितीपुढे, पुण्यात शहर सुधारणा समितीपुढे, येते. तेथे विषय तहकूब होऊ शकतो, पुन्हा तहकूब होऊ शकतो. समितीने तो 'दप्तरी दाखल' केला की तेथेच संपला. मंजूर झाला तर सर्वसाधारण सभा, आणि त्यानंतर भूसंपादनासाठी जिल्हाधिकारी. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात बहुमताने असे ठरविले, की ठराव करणे आणि जिल्हाधिकाऱ्याला पत्र पाठविणे एवढ्याने संपादनाचे पाऊल उचलले गेले असे होत नाही. प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेने कायद्यात सांगितलेली कृती त्या मुदतीत झालेली असली पाहिजे. या निर्णयानंतर ढिलाईला जागाच उरली नाही. एखादे मैदान जाण्यासाठी कोणी काही वाईट करावे लागते असे नाही. फाइलीने काही महिने कपाटात विसावा घेतला तरी पुरे होते.

मालकाचीही बाजू येथे सांगितली पाहिजे, कारण ती खोटी नाही. वडिलोपार्जित दहा गुंठे जमिनीवर बागेची रेघ पडलेला मनुष्य वीस-वीस वर्षे ती योग्य किमतीला विकू शकत नाही, तारण ठेवू शकत नाही, मुलीच्या लग्नाला किंवा स्वतःच्या आजारपणाला तिचा उपयोग करून घेऊ शकत नाही, आणि महापालिका तर मोबदलाही देत नाही. अशा माणसाला कायमचे लटकत ठेवण्याचा अधिकार कोणत्याच लोकशाही संस्थेला असू नये, आणि १२७ वे कलम म्हणूनच न्यायाचे आहे. अन्याय होतो तो दुसऱ्या प्रकारे : अशी जमीन अडचणीतल्या मूळ मालकाकडून कमी किमतीत विकत घेऊन, दहा वर्षे संपण्याची वाट पाहत बसणाऱ्यांना त्याच कलमाचा लाभ होतो.

रोख पैशाची अडचण दूर करण्यासाठी मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने एक नवा मार्ग काढला. मालकाने आरक्षित जमीन महापालिकेला विनामूल्य द्यावी आणि त्या बदल्यात तेवढ्या बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने घ्यावा, जो त्याला दुसरीकडे वापरता येईल किंवा विकता येईल. हाच हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला सर्व जण टीडीआर म्हणतात. जमीन सभोवतालच्या पातळीला सपाट करून, दीड मीटर उंचीची भिंत व फाटक स्वतःच्या खर्चाने घालून मगच ती ताब्यात द्यावी, अशी तपशीलवार अट त्या नियमावलीत होती, आणि अनेक ठिकाणी ज्या जागा अन्यथा कधीच मिळाल्या नसत्या त्या यामुळे मिळाल्या. परंतु मुंबई बेटावर निघालेला टीडीआर तेथे वापरता येत नसे. तो उपनगरांत, मूळ भूखंडाच्या उत्तरेस जाई. म्हणजे एका वस्तीला बाग मिळाली, तिची किंमत दुसऱ्या वस्तीने आपल्या गल्लीतील वाढीव मजल्यांच्या, वाढीव मोटारींच्या आणि कमी पडणाऱ्या पाण्याच्या रूपाने दिली. ज्या उपनगरांतल्या नळजोडण्या आणि रस्ते एक चटईक्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राइतक्याच बांधकामाच्या, हिशेबाने घातलेले होते, तेथे हे ओझे विशेष जाणवले.

नियमातील एका वाक्याने काय घडते, हे गिरणगावापेक्षा अधिक स्पष्टपणे कोठेच दिसत नाही. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या सुमारे ५८ कापड गिरण्यांच्या ताब्यात मध्य मुंबईत जवळजवळ ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले, की या जमिनीचा विकास करावयाचा असेल तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करावेत : एक महापालिकेला, मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, सामान्य माणसांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी एकत्रित योजनाही सुचविली. पण २००१ साली सरकारने हा नियम बदलला. जुन्या शेड पाडल्यामुळे मोकळी होणारी जमीन वाटपातून वगळण्यात आली आणि जी आधीपासूनच मोकळी होती तेवढीच वाटली जाणार, असे ठरले. गिरणीची बहुतेक जमीन शेडखालीच असते. तीन वाट्यांतले दोन त्यामुळे लहानशा पट्ट्या होऊन बसले. या बदलाविरुद्धच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. परळ आणि लोअर परळ येथे आज काचेच्या इमारतींच्या खाली ज्या अरुंद रस्त्यांवरून माणसे रेटारेटीने चालतात, ते रस्ते गिरणीच्या भोंग्यावर पायी येणाऱ्या कामगारांसाठी होते. एका शहराला दोनशे-दोनशे एकरांची मोकळी जागा आणि घरे मिळण्याची संधी पुन्हा येत नाही, आणि ती ज्या दुरुस्तीने गेली तिच्या जाहीर सूचनेवर त्या वेळी फार थोड्यांची नजर पडली होती, याचे मला आजही अत्यंत वाईट वाटते.

पुण्याने मात्र आपल्या टेकड्यांच्या बाबतीत चिकाटी दाखविली, हे नमूद केले पाहिजे. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि त्यांच्या आराखड्यात डोंगरमाथे व उतार मिळून सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, राखून ठेवावे असा प्रस्ताव पुढे आला. मुख्य सभेने तो मान्य केला. सरकारने बाकीच्या आराखड्याला मंजुरी देताना हा भाग मात्र लांबणीवर टाकला. थोडेसे बांधकाम होऊ द्यावे की मुळीच नको, यावर कितीतरी वर्षे सभा, मोर्चे, निवेदने झाली. अखेर २०१५ मध्ये आरक्षण कायम ठेवून मालकांना आठ टक्के टीडीआर देण्याचे ठरले. इतका थोडा मोबदला घेऊन जमीन देण्यास मालक पुढे येईनात, आणि ताबा नसलेल्या उतारांवर अनधिकृत घरे चढू लागली. नकाशातली टेकडी हिरवी राहिली; जमिनीवरच्या टेकडीसाठी महापालिकेला अजून झगडावे लागत आहे.

या सर्व हकिगतींत एक गोष्ट ध्यानी आली असेल, ती म्हणजे शेवटचा शब्द प्रायः मंत्रालयातील नगरविकास विभागाचा असतो. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना आणि जमीनवापराचे नियमन हे विषय बाराव्या अनुसूचीत घालून ते नगरपालिकांकडे असावेत अशी दिशा दाखविली. परंतु आराखड्याला मंजुरी देण्याचा, त्यातील काही भाग वगळून त्यात महत्त्वाचे बदल सुचविण्याचा आणि महापालिकेचा ठराव विखंडित करण्याचा अधिकार राज्य सरकारने आपल्या हाती ठेवला. हा अधिकार कधी हितकारकही ठरतो : जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेच्या सभागृहाने मोकळ्या जागा देखभालीसाठी खाजगी संस्थांकडे सोपविण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांच्या विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनीच त्याला स्थगिती दिली. परंतु २०२२ नंतर राज्यातील अनेक महापालिका कित्येक वर्षे निवडलेल्या सभागृहावाचून प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा विषयपत्र मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच झाला, आणि ज्या सभागृहात निदान एखादा नगरसेवक उभा राहून उपसूचना मांडू शकला असता, ते सभागृह रिकामे होते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या बाबतीत हे घडले ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

आता नागरिकाच्या हाती काय आहे, ते सांगतो. आपल्या भागातील कोणत्याही भूखंडाचा झोन दाखला आणि भाग नकाशा ठरावीक शुल्क भरून महापालिकेच्या कचेरीतून कोणालाही मिळतो. त्यासाठी जमिनीचे मालक असावे लागत नाही, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर ठाऊक असला म्हणजे झाले. त्यावर आरक्षण आहे काय आणि आराखडा कोणत्या साली अमलात आला, हे पाहिले की दहा वर्षे केव्हा संपतात याचा हिशेब करता येतो. त्या तारखेच्या आधीची दोन-तीन वर्षे अंदाजपत्रकाच्या दिवसांत नगरसेवकाकडे जाऊन भूसंपादनाच्या शीर्षाखाली त्या जागेसाठी तरतूद मागितली, तर त्या मागणीला काही अर्थ असतो. आरक्षण व्यपगत झाल्यावर मागणी करून उपयोग नसतो. आणि मंजूर आराखड्यातही मध्येच फेरफार होतात. १९६६ च्याच अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये आरक्षण बदलावयाचे झाले तर त्याची सूचना राजपत्रात व अन्य रीतीने प्रसिद्ध करावी लागते, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या आणि हरवलेल्या दस्तऐवजांच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टाइपात ती छापून येते. तिच्यावर लेखी हरकत देण्यास एक महिना असतो. अर्जात आपले नाव, पत्ता, भूखंडाचा नंबर, आरक्षणाचा क्रमांक व हरकतीचे कारण लिहून, समक्ष सुनावणीची मागणी करून, प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. कारण प्रभावित होणाऱ्यांची आणि हरकत घेणाऱ्यांची सुनावणी झाल्याखेरीज तो प्रस्ताव महापालिकेला मंजुरीसाठी सरकारकडे पाठविता येत नाही.